१.३ टर्बो डिझेल: ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) प्लेट मारावी, साफ करावा की नवा बसवावा?

टिळकवाडी_२२
गाडी २०१४ची, १२४८ सीसी टर्बो डिझेल हॅचबॅक, केए-२२ पासिंग, १ लाख ४५ हजार किमी. रोजची धाव बेळगावात टिळकवाडी ते उद्यमबाग, महिन्यातून एकदा गोवा. परत येताना चोर्ला घाटाच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये काळा धूर, पिकअप बसतो. चेक लाइट लागलाय, स्कॅनरवर पी०४०१. गॅरेजवाले म्हणायलेत, ईजीआरला पत्र्याची प्लेट मारूया आणि कॅट (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा कन्व्हर्टर) आतून रिकामा करूया, गाडी पळेल. पीयूसी पण पास होते म्हणे. करावं का? साफ करायचं असेल तर रीत नीट सांगा.

डिझेलपंप_निपाणी
प्लेट आधी बाजूला ठेवा. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून जेवढा धूर परत आत यायला हवा तेवढा येत नाही. झडप बंद अडकली आहे किंवा वाट काजळीनं बुजली आहे. आधीच बंद असलेल्या वाटेवर प्लेट मारून काय मिळणार? शिवाय चढाला पाय पूर्ण दाबला की ईसीयू (इंजिनाचा कंप्यूटर) स्वतःच ईजीआर बंद करतो. म्हणजे चोर्ल्यातला धूर त्या वाटेनं येतच नाही. तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी असण्याची शक्यता जास्त.

भार असताना काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. पहिला संशय टर्बो ते इंटरकूलर ते इनटेक या रबरी होजवर. आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो. होज फाटला तर मोजलेली हवा वाटेतच बाहेर पडते आणि ईसीयू मात्र त्या हवेच्या हिशोबानं डिझेल टाकत राहतो.

साधा ब्लूटूथ स्कॅनर असेल तर एवढं बघा:
इग्निशन ऑन, इंजिन बंद: एमएपी (इनटेकमधल्या हवेचा दाब) बेळगावात ९२-९३ केपीए दाखवायला हवा. उंची साडेसातशे मीटरच्या पुढची, त्यामुळे १०१ दिसणार नाही. १०१ दिसला तर सेन्सरच चुकतोय.
तिसऱ्या गियरमध्ये २५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबून: त्याच्या दुप्पटीच्या आसपास जायला हवा. १३०-१४०ला अडकला तर हवा गळतेय किंवा टर्बो कमी देतोय.
गरम इंजिन, आयडलला, ईजीआरचं कनेक्टर काढून: एमएएफ साधारण ८ ग्रॅम प्रति सेकंद. कनेक्टर लावून झडप उघडली की आकडा ठळक उतरला पाहिजे. हलतच नसेल तर वाट बुजलीय हे पक्कं.

गळती आयडलला साबणाचं पाणी मारून सापडत नाही, तेव्हा बूस्टच (टर्बोचा वाढीव दाब) नसतो. टर्बोच्या तोंडाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेली टोपी लावून कंप्रेसरनं अर्धा बार हवा भरा आणि कान लावा. एक बारच्या वर जाऊ नका. क्लॅम्पजवळ आणि होजच्या खालच्या बाजूला तेलाचा ओला डाग दिसला की बहुतेक चीर तिथेच.

उद्यमबाग_फिटर
साफ करायची रीत.

इंजिन थंड, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. कनेक्टरची कुलपी दाबून काढा, वायर ओढू नका. कूलर जोडलेला असेल तर आधी कूलंट उतरवा. बोल्ट जाम असतील तर आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर केला तर आटे जातात आणि मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवत बसावं लागतं.

झडप हातात आली की मोटरचा भाग वर आणि तोंड खाली. कार्ब क्लीनर फक्त तोंडात मारा, मोटरमध्ये उतरला तर झडप संपली. १५ मिनिटं भिजू द्या, मग लाकडी काडी आणि नायलॉन ब्रश. स्क्रू ड्रायव्हरनं सीट खरवडली तर झडप पुन्हा कधीच पूर्ण बसत नाही. साफ झाल्यावर दांडी बोटानं दाबून सोडा. एका झटक्यात परत यायला हवी. अडखळली किंवा सैल हलली तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवी घ्या.

खरी मेहनत मॅनिफोल्डच्या तोंडाशी आहे. तिथे काजळी आणि इंजिनाच्या ब्रीदर नळीतून आलेली तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर होतो. मॅनिफोल्ड उतरवता येत नसेल तर आत फडकं कोंबून जेवढं हाताला येतं तेवढंच काढा. ढेकूळ आत पडलं तर सरळ व्हॉल्व्हवर जातं.

गॅस्केट नवीच, जुनी उलटी करून लावू नका. फ्लँज वाकलेली असेल तर उद्यमबागेत कुठल्याही सरफेस ग्राइंडरवर दहा मिनिटांचं काम आहे. एम ८ बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे, एम ६ला १०. शेवटी कोड पुसा. नवी झडप घेतली तर स्कॅनरनं तिचं लर्निंग (ईसीयूला नव्या झडपेची ओळख) करून घ्या, नाहीतर पी०४०४ हा झडपेचा दुसरा कोड येऊन बसतो. भंगारातली घेऊ नका. वरून सारखी दिसते, पार्ट नंबर वेगळा असतो.

चिकोडी_२३
पीयूसीचं सांगतो, कारण तिथेच सगळे फसतात. डिझेल गाडीची पीयूसी फक्त धुराची घनता मोजते. प्लेट मारल्यानं वाढतो तो नायट्रोजन ऑक्साइड, आणि तो त्या मशीनला दिसतच नाही. म्हणून पास होते. पण हवेत जायचं ते जातंच, आणि आपलीच मुलं ती हवा घेतात.

धुराची मर्यादा बीएस ४ (भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचे नियम) गाड्यांना १.६२, म्हणजे धुराच्या घनतेच्या हार्ट्रिज मापात ५०. त्याआधीच्या गाड्यांना २.४५, म्हणजे ६५. तुमची आरसी बघा. बीएस ४ २०१०ला मोजक्या शहरांत लागू झालं, सगळ्या देशात एप्रिल २०१७ला. त्यामुळे २०१४ची बेळगाव पासिंगची गाडी बीएस ३ असू शकते.

कॅटचं तर अजिबात करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालत नाही. १८२ए(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, १९०(२) खाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, कायदा केंद्राचा आहे. कॅट खरोखर तुंबलाय असं वाटत असेल तर आधी बॅक प्रेशर (कॅटच्या आधी अडलेल्या धुराचा दाब) मोजून घ्या. २५०० आरपीएमला ०.२ बारच्या वर गेला तरच बदला, रिकामा करू नका.

टिळकवाडी_२२
एमएपी बघितला. इग्निशनला ९२, चढाला १३५च्या वर जात नाही. इंटरकूलरच्या खालच्या होजला तेलाचा डाग आहे. होज बदलला की ईजीआर परत तुंबणार नाही ना?

डिझेलपंप_निपाणी
होजनं धूर जाईल, पी०४०१ जाणार नाही, झडप साफ करावीच लागेल. आणि ती परत का तुंबते तेही बघून घ्या. उद्यमबागेपर्यंतच्या धावेत इंजिन तापायच्या आत गाडी बंद होते, थंड इंजिनात काजळी जास्त धरते, त्यात थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडझाप करणारा) उघडा अडकला असेल तर कूलंट ९०च्या जवळ पोचतच नाही. हायवेवर वीस मिनिटं चालवून स्कॅनरवर तापमान बघा. ७०-७५ला घुटमळत असेल तर होजबरोबर थर्मोस्टॅटही आणा. कूलंट उतरवायचाच आहे, एकाच कामात होऊन जाईल.