जुन्या पद्धतीची डंजन्स अँड ड्रॅगन्स गावात चालवलेलं कोणी आहे का?

नवा_फासा (आर्वी, जि. वर्धा):
शिक्षण संपवून गावी परत आलोय. पुण्यात याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर खेळायचो: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, फासे निकाल लावतात. इथे चार-पाच पोट्टे तयार आहेत, पण तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक दाखवलं की गायब होतात. १९८१ चा बेसिक संच ६४ पानांत आटोपतो, म्हणून तो घ्यावा म्हणतोय. कोणी त्यावर लांब मोहीम चालवली असेल तर सांगा, काय रंगलं आणि काय टाकून दिलं? पात्रं पटापट मरतात असंही ऐकून आहे.

मशालजी (अकोट तालुका):
भाऊ, मी चालवली. कृषी केंद्राच्या गोदामात, खताच्या थप्पीला टेकून. कापसाचा वेचा लागला की कोणी फिरकायचं नाही, संक्रांतीनंतर पुन्हा जमायचे. आता सगळे पांगले, म्हणून निवांत सांगतो.

आपले पोट्टे मारामारीपेक्षा हिशोबात जास्त रमतात. या नियमांत राक्षस मारून एक्सपी (अनुभवाचे गुण, साठले की पात्राची लेव्हल चढते) चिल्लर मिळतात, पण सोन्याचं नाणं बाहेर आणलं की एकाला एक. ऑर्क (रानटी राक्षस) मारला तर १०, आणि तो ज्या पेटीवर घोरतोय ती ४०० ची. हे गणित कळलं त्या दिवशी टोळीतला सगळ्यात दांडगा गडी म्हणाला, "मंग मारता कायले? झोपू द्या न त्याले." तिथून पुढे तलवार क्वचितच निघाली. दोरी, तेल आणि थापा, यावरच मोहीम चालली.

उजेडाचा हिशोब अजिबात सोडू नका. मशाल ६ टर्न जळते, एक टर्न १० मिनिटांचा. कागदावर रेघा मारून पाहिल्या, कोणी बघेना. मग मधोमध वाटीत ६ फुटाणे ठेवले. टर्न संपला की पुढे चालणाऱ्याने एक खायचा, वाटी रिकामी झाली की अंधार. एकदा भांडता भांडता एकाने दोन फुटाणे तोंडात टाकले. म्हटलं, २० मिनिटं गेली. केवढा कालवा झाला! तेव्हा सगळे किल्ल्यातल्या टाक्यांच्या खाली होते, उरलेल्या मशाली खेचरावर, आणि खेचर महाकाली दरवाज्याबाहेर बांधलेलं.

हो, नकाशा आपल्या अकोटजवळच्या नरनाळा किल्ल्याचा होता. तेलातुपाच्या टाक्या, नऊगजी तोफ सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली, त्यामुळे वर्णनात वेळ जायचा नाही. "टाक्यात खाली पायऱ्या दिसतात" एवढं म्हटलं की अंगावर काटा. पायऱ्यांखालचं सगळं माझ्या मनचं.

पण खरी धमाल भाड्याच्या माणसांची. ती येणार की नाही ते दोन फाशांवर ठरतं. पात्राचा करिष्मा (छाप) साधारण असला तर जास्तीत जास्त ४ माणसं, आणि त्यांचं मोराल (धीर) ७. आमच्यांनी त्यांना सरळ सालदारच केलं. उचल किती, ज्वारी किती, पोळ्याला कपडे कोण करणार, यावर अख्खी रात्र गेली, भुयारात पाऊल पडलं नाही. मी मधे बोललो नाही, चालू दिलं. पुढे भुतं समोर आल्यावर मोरालचे फासे टाकले, पडले ९. सातच्या वर म्हणजे पळाला! सालदार मशालीसकट पसार, आणि त्याचा मालक गोदामात उभा राहून ओरडतोय, "उचल वापस कर बे!"

मरतात, ते खरं आहे. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरला (जादूगाराला) चार बाजूंच्या फाशावर पडेल तेवढेच हिट पॉइंट (जीव) आणि मंत्र एक. शून्यावर आला की खलास. पण नवं पात्र चहा होईस्तोवर तयार होतं. आम्ही तर मेलेल्याच्या सालदारालाच हाती घ्यायचो.

वजन नाण्यांत मोजायचा नियम मात्र पहिल्याच पावसाळ्यात टाकला. माणशी एक पोतं, बस.

रात्रपाळी (तुमसर):
सोन्याला एक्सपी मला पटत नाही. आमची टोळी पार सावकार झाली. गाव वाचवायचं सोडून देवळाचा सोन्याचा कळस उतरवायला निघाली. मग मी नियम फिरवला: आणलेल्या सोन्याला नाही, उडवलेल्या सोन्याला एक्सपी. या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक डेव्ह आर्नेसन, त्याच्या ब्लॅकमूर मोहिमेतही खर्चावरच मिळत, १९७४ मध्ये खेळ छापून येण्याच्या आधीपासूनची ती मोहीम. आमच्याकडे एकाने विहीर बांधली, दुसऱ्याने तीन गावांना जेवण घातलं आणि लेव्हल चढला.

मशालजी:
जेवणावळीवर लेव्हल, हे झकास! पण कळस सोन्याचा ठेवला कोणी? तुम्हीच न, दादा.

नवा_फासा:
सालदाराचं तर उद्याच घेतो. दादा, पुस्तक आणि फासे कुठून आणू? इंग्रजी वाचायचा पोट्ट्यांना कंटाळा आहे.

मशालजी:
पुस्तक तुम्ही एकट्याने वाचा, त्यांना फक्त फासे द्या. 'बेसिक फँटसी' नावाचे नियम पीडीएफमध्ये फुकट मिळतात. साचा जवळपास तोच, फक्त वंश आणि पेशा वेगवेगळे निवडता येतात. सोन्याला एक्सपी तिथे ऐच्छिक आहे, तो चालू ठेवा. फासे ऑनलाइन मागवा. येईपर्यंत लुडोचे दोन फासे, आणि वीस बाजूंच्या फाशाऐवजी १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात. काढलेली चिठ्ठी लगेच परत टाकायला लावा, नाहीतर उरलेले आकडे मोजून मगच वार करतात लेकाचे.