मदत हवी आहे: पिस्तूल किती गोळ्या झाडल्यावर साफ करावं, आणि तेल नेमकं कुठे घालावं?

नमस्कार मंडळी,

९ मिमीचं पॉलिमर फ्रेमचं स्ट्रायकर पिस्तूल आहे (हातोडीऐवजी आतला स्प्रिंगवरचा दांडा, म्हणजे स्ट्रायकर, काडतुसावर आदळतो). रेंजवर आठवड्याला साधारण १०० गोळ्या होतात. शिवाय .३८ चं एक रिव्हॉल्व्हर आहे, ते वर्षातून दोन-तीनदाच चालतं, एरवी तिजोरीतच असतं.

सफाईबद्दल परस्परविरोधी सल्ले मिळतायत. कोणी म्हणतं दर वेळी पूर्ण उघडा, कोणी म्हणतं हजार गोळ्या होईपर्यंत हात लावू नका, उगाच घासून नळी खराब होते. तेलाचंही तसंच, कोणी सढळ हाताने घाला म्हणतं, कोणी कोरडंच ठेवा. आणि जे हत्यार वापरातच नाही, त्याला किती दिवसांनी बघायचं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद १

गोंधळ होतोय तो "सफाई" या एकाच शब्दामुळे. त्यात तीन निराळी कामं आहेत आणि तिन्हींचं वेळापत्रक वेगळं.

पुसून तेलाचा हात देणं हे रेंजवरून आल्यावर दर वेळी करायचं, मग गोळ्या १० झाडलेल्या असोत की १००. स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) उतरवा, नळी आणि रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुढे ढकलणारी) बाहेर काढा. नळीतून सॉल्व्हेंटची एक चिंधी, मग दोन-तीन कोरड्या. ब्रीच फेस (काडतुसाचं बूड जिथे टेकतं तो स्लाइडचा भाग) आणि फीड रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढतं तो उतार) पुसून घ्या, तेल लावा, जोडा. पंधरा मिनिटांचं काम आहे. पुस्तिकेत फील्ड स्ट्रिप (नेहमीच्या सफाईपुरतं उघडणं) म्हणून जेवढं दाखवलंय त्यापलीकडे उघडायची गरज नाही.

नीट सफाई दर ५०० गोळ्यांनी केली तरी पुरते, म्हणजे तुमच्या वापराला महिना-सव्वा महिन्याने. तेव्हा नळीत ब्रॉन्झचा ब्रश फिरवायचा, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखालची काजळी लाकडी टूथपिकने काढायची, स्लाइडच्या खाचा कोपऱ्यापर्यंत साफ करायच्या आणि मॅगझिन उघडून आतून कोरड्या फडक्याने पुसायची. नखाखालची काजळी बारीक दिसते, पण ती साठली की नख पुंगळीच्या कडेला पूर्ण धरत नाही आणि रिकामी पुंगळी चेंबरमध्येच अडकते.

तिसरं काम स्प्रिंगा बदलण्याचं. रिकॉइल स्प्रिंगला ३००० ते ५००० गोळ्या हा साधारण हिशेब आहे, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. आठवड्याला १०० म्हणजे वर्षाला ५००० च्या वर जाता तुम्ही, तेव्हा वर्षातून एकदा तरी बदलाच. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडायला लागल्या किंवा स्लाइड शेवटचे दोन-तीन मिमी पुढे जाताना अडखळू लागली, तर वर्ष व्हायची वाट बघू नका. गोळ्यांचा हिशेब एका वहीत लिहून ठेवा, अंदाज नेहमी कमीच निघतो.

आता अपवाद, आणि हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा. पावसात भिजलं, घामाने ओलं झालं, समुद्राच्या हवेत वापरलं तर गोळ्यांचा हिशेब बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी सफाई करायची. काजळी आठवडाभर थांबते, गंज एक रात्रही थांबत नाही. जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं वापरलीत तर आणखी सावध राहा. त्यांतल्या बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाशी असलेला, ठोकला की पेटणारा भाग) पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि नळी आतून खातं. तेलात किंवा रॉकेलच्या जातीच्या सॉल्व्हेंटमध्ये ते विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मग नेहमीची सफाई.

---

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण उघडण्याआधीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहावं लागतंय, कारण स्ट्रायकर पिस्तुलांच्या बाबतीत तो प्रश्न जिवावरचा आहे.

काही मॉडेल्समध्ये स्लाइड उतरवण्यासाठी आधी ट्रिगर दाबावा लागतो. चेंबरमध्ये काडतूस राहून गेलं असेल तर ते तिथेच सुटतं. म्हणून क्रम सोडायचा नाही. आधी मॅगझिन काढायची, नंतरच स्लाइड मागे ओढायची. उलट केलंत, तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडेल खरं, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं दुसरं आत ढकलेल. मग तुम्ही मॅगझिन काढाल, आणि हत्यार रिकामं वाटेल पण नसेल. स्लाइड मागे अडकवून चेंबर उजेडात बघा, आणि करंगळीने चाचपूनही बघा, डोळ्यांवर एकट्यावर भिस्त नको. ट्रिगर दाबताना तोंड अशा दिशेला हवं की गोळी सुटलीच तर ती तिथेच थांबेल. काडतुसं त्या खोलीत ठेवूच नका.

हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि ते त्या काळ्या राखेत उतरतं. जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका. वापरलेल्या चिंध्या पिशवीत बांधून टाका आणि हात साबणाने, गार पाण्याने धुवा.

---

प्रतिसाद ३

"जास्त घासून नळी खराब होते" याबद्दल. होते, पण ती घासण्याच्या पद्धतीमुळे. आतल्या पोलादाला ब्रॉन्झचा ब्रश काही करत नाही. नुकसान होतं ते क्राउनचं, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेचं. गोळी नळी सोडते तेव्हा शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. ती एका बाजूने झिजली की मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी किंचित कलते. पुढून सळई घातली आणि ती दर फेरीला त्याच कडेवर घासली, की हेच होतं.

तुमच्या पिस्तुलाची नळी बाहेर निघते, तेव्हा सळई नेहमी चेंबरच्या बाजूने घाला. ब्रश पूर्ण बाहेर पडल्याशिवाय मागे ओढू नका. मध्येच उलटा ओढलात तर तारा वाकतात आणि ब्रश आठवड्यात निकामी. दहा फेऱ्या पुष्कळ झाल्या. स्टीलच्या तारांचा ब्रश घरातच आणू नका. अॅल्युमिनियमची सळई मऊ म्हणून बरी वाटते, पण तिच्यात बारीक खर रुतून बसते आणि ती सळई पॉलिश पेपरसारखी वागते. प्लास्टिकचं आवरण असलेली एकसंध सळई किंवा ओढायची केबल उत्तम.

आणखी एक फसवी गोष्ट. तांबं काढणाऱ्या सॉल्व्हेंटने चिंधी हिरवट-निळी होते आणि लोक घासत बसतात, तरी रंग जात नाही. कारण ब्रॉन्झच्या ब्रशमध्येही तांबंच आहे, सॉल्व्हेंट त्यालाच खात असतं. त्या सॉल्व्हेंटबरोबर नायलॉनचा ब्रश वापरा. ९ मिमीच्या नळीला हे काम दर वेळी लागतही नाही, नेम सुटतोय असं दिसलं तर करा. अमोनियावालं सॉल्व्हेंट निकेलच्या मुलाम्यावर ठेवून विसरू नका. मुलाम्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, तो सुटला की मुलामा पापुद्र्यासारखा निघतो. पॉलिमरच्या फ्रेमला अॅसिटोन लावायचं नाही.

---

प्रतिसाद ४

तेल. पूर्ण पिस्तुलाला पाच-सहा थेंब, त्याहून जास्त नाही. स्लाइड ज्या रेलवर सरकते तिथे प्रत्येकी एक थेंब, बोटाने लांबवर पसरून. नळी बाहेरून, जिथे ती चमकून झिजलेली दिसते तिथे एक. नळीखालच्या लॉकिंग भागावर एक. ट्रिगर बार (ट्रिगरची ओढ मागे नेणारी पट्टी) आणि कनेक्टर (तिला टेकणारा छोटा पत्रा) जिथे भेटतात तिथे एक. झिजून चकाकणाऱ्या जागा बघितल्या की धातू कुठे धातूवर घासतोय ते हत्यारच दाखवतं. जोडून स्लाइड दहा वेळा मागे-पुढे करा आणि फटीतून जे बाहेर येईल ते पुसून टाका.

स्ट्रायकरची नळी (स्लाइडमध्ये स्ट्रायकर ज्यातून सरकतो ती पोकळी), चेंबर, ब्रीच फेस आणि मॅगझिनचा आतला भाग मात्र कोरडाच हवा. पाणी हटवणारे जे स्प्रे मिळतात ते भिजलेल्या हत्यारातलं पाणी काढायला चांगले, पण वंगण म्हणून ते टिकत नाहीत.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. स्ट्रायकरचा उल्लेख आला म्हणून विचारून घेतो: गेल्या दोन वेळी १०० मागे चार-पाच काडतुसं फुटलीच नाहीत. प्रायमरवर खूण आहे, पण उथळ. काडतुसं नेहमीचीच आहेत. आतापर्यंत ब्रीच फेसवर स्प्रे मारून ब्रश करायची सवय होती. याचा संबंध असेल का?

---

प्रतिसाद ४

संबंध आहे असंच दिसतंय. ब्रीच फेसला मध्ये जे भोक आहे तेच स्ट्रायकरच्या नळीचं तोंड. तिथे मारलेला स्प्रे काजळी घेऊन आत जातो. आत त्याचा चिकट गाळ होतो, त्याने स्ट्रायकरचा वेग मरतो. हवा थंड असली की गाळ घट्ट होऊन जास्तच त्रास देतो.

खात्री अशी करा. न फुटलेलं काडतूस आणि फुटलेली पुंगळी शेजारी ठेवा. न फुटलेल्यावरची खूण उथळ असेल तर दोष हत्यारात, दोन्हीकडे सारखीच खोल असेल तर काडतुसात. उथळ खूण स्लाइड पूर्ण पुढे न गेल्यानेही येते, म्हणून चेंबर आणि रिकॉइल स्प्रिंग दोन्ही बघा. स्ट्रायकर काढायची रीत पुस्तिकेत असेल आणि हात बसलेला असेल तर काढा, नाहीतर शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. आतली नळी सॉल्व्हेंटच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळवा, आणि तेल न घालता जोडा.

पुढच्या वेळेपासून ब्रीच फेस घासताना स्लाइडचं तोंड जमिनीकडे ठेवा. ओघळ पुढे जाईल, भोकात जाणार नाही. स्प्रे थेट मारण्याऐवजी ब्रशवर घ्या.

आणि रेंजवर नुसता "टक" आवाज आला तर स्लाइड लगेच ओढू नका. तोंड निशाण्याकडे ठेवून ३० सेकंद थांबा, कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. आवाज फुसका आला, तर मात्र पुढची गोळी झाडायचीच नाही. हत्यार रिकामं करून नळीत गोळी अडकली आहे का ते पाहा.

---

प्रतिसाद ५

रिव्हॉल्व्हर राहिलं.

सिलिंडर उघडून इजेक्टर रॉड दाबला की मागे जी चांदणी वर येते, तिच्या खालची जागा बघा. न जळलेल्या दारूचा एखादा कण तिथे अडकला की चांदणी पूर्ण बसत नाही, सिलिंडर बंद होत नाही किंवा फिरताना जड होतो. नळीचं तोंड वर करून जुन्या टूथब्रशने तिथे कोरडं घासा, कण खाली पडतात. तिथे तेल घालू नका, पुढचा कण त्यालाच चिकटतो. मग सिलिंडरचा पुढचा चेहरा आणि त्यासमोरचं नळीचं मागचं तोंड. त्या दोघांतली फट पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते, काजळी आणि शिसं साठलं की तीच भरून येते. सिलिंडरवरचे काळे गोल मात्र आरशासारखे घासून काढायची काही गरज नाही, ते डाग आहेत, थर नाही. इथे सळई पुढूनच घालावी लागते, म्हणून तोंडाशी पितळी गाइड वापरा किंवा केबल मागून घालून पुढे ओढा. इजेक्टर रॉड सैल झाला का ते बोटाने पाहा, पण काही रिव्हॉल्व्हरांत त्याचे आटे उलटे असतात, पक्कड लावून जोर करू नका. आणि सिलिंडर मनगटाच्या झटक्याने कधीही बंद करायचा नाही, त्याचा दांडा वाकतो.

तिजोरीतल्या हत्याराला गोळ्यांचा हिशेब लागत नाही, हवेचा लागतो. महिन्यातून एकदा बाहेर काढून उजेडात बघा, तीन महिन्यांनी जुनं तेल पुसून नवीन पातळ थर द्या. पावसाळी दिवसांत दर पंधरवड्याला. वर्षातून एकदा लाकडी मुठी काढून त्याखाली बघा, बाहेर चकचकीत असतानाही गंज तिथे धरलेला असतो. मात्र लाकडाला तेल लागू देऊ नका. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षारही त्यात असतात. फोमच्या पेटीचंही तेच. तिजोरीत आर्द्रतामापक ठेवा, काटा ५० टक्क्यांच्या खाली राहायला हवा. सिलिका जेलचे रंग बदलणारे खडे घ्या, रंग पालटला की तापवून पुन्हा वापरता येतात. हाताळून झाल्यावर बोटांचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसा, घामातल्या मिठाने अगदी बोटाच्या आकाराचा गंज येतो.

झाडायच्या दिवशी नळीतून आणि सगळ्या चेंबरांतून कोरडी चिंधी फिरवा. साठवणीचं तेल आत राहिलं तर गोळी सुटताना मागच्या भागावर जास्त ताण येतो, आणि ते प्रायमरमध्ये झिरपलं तर काडतूस फुटतच नाही.

दोन्ही हत्यारांना, जोडल्यानंतर: आत गेलेल्या चिंध्या आणि बाहेर आलेल्या चिंध्या मोजा. पिस्तूल असेल तर स्लाइड उतरवलेली असतानाच नळीतून उजेड पाहून घ्या. मग रिकाम्या हत्यारावर, सुरक्षित दिशेला, ट्रिगर दाबून धरा, तसाच धरून स्लाइड ओढून सोडा, मग ट्रिगर हळूहळू सोडा आणि रीसेटचा (ट्रिगर पुन्हा सज्ज झाल्याचा) "टिक" येतो का ते बघा. रिकामी मॅगझिन घालून स्लाइड मागे ओढली की ती मागेच अडकायला हवी. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बंद करा आणि सुरक्षित दिशेला, ट्रिगर संथपणे पुन्हा पुन्हा दाबून तो पूर्ण फेरी फिरवा, प्रत्येक घराला तो सारखाच थांबला पाहिजे.