घरच्या कॉम्प्युटरले महागाची डिस्क: गरज का हौस?

कापूसकोंड्या (पांढरकवडा तालुका)

राम राम मंडळी. घरी एक जुना असेंबल केलेला कॉम्प्युटर हाय. आय-थ्री प्रोसेसर, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबलं का मी चहा मांडतो. चहा उकळते, गाळून होते, पिऊन होते, तरी पडद्यावर गोल गोल फिरूनच राहते. वापर काय, तं पोरीची बारावी, माह्या शेताचा हिशोब, सातबारा काढणं आन् घरच्या लग्नाचे फोटो.

यवतमाळच्या दुकानदारानं तीन भाव देल्ले. मिनिटाले ७२०० फेऱ्यांची १ टीबी (म्हणजे १००० जीबी) हार्ड डिस्क ४५०० रुपये. २५६ जीबीची साधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, २३०० रुपये. आन् १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाची एसएसडी, वेगळ्या कार्डासकट, ८५०० रुपये. तो म्हणते शेवटचीच घ्या, सेकंदाले ७००० एमबीचा स्पीड हाय. साळाबी तेच म्हणते. बुढा म्हणते, सोयाबीनचा २०२५चा हमीभाव ५३२८, आन् एवढुशा पट्टीले साडेआठ हजार? दोन्हीकडून मार खाऊन राहिलो. सांगा बावा.

सेतूवाला दारव्हा

एसएसडी घे, इचार करू नको. माह्या केंद्रात दोन मशीन होत्या. पीक विम्याचा शेवटचा दिवस, ३१ जुलै, बाहेर रांग, आन् लाईन येऊन-जाऊन. त्या दिवशी सात वेळा गेली. हार्ड डिस्कवाली मशीन उठायले दर वेळी चार मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं नुसती उठण्यात. लोकं काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाई. एसएसडी टाकल्यावर मोबाईलवर टाइम लावून पाह्यला, बावीस सेकंद. आपल्याकडं लाईन हाच टाइम हाय. शहरातल्या माणसाले हे समजत नाई.

निवृत्त गुरुजी

दारव्हेकर, आपले केंद्र हा धंदा झाला. प्रश्न घरच्या यंत्राचा आहे.

माझ्याकडे ५४०० फेऱ्यांची डिस्क २०१३ पासून चालू आहे. सकाळी बटण दाबतो, अंगणात झाडांना पाणी घालतो, येतो तोवर यंत्र तयार असते. वाचवलेल्या तीन मिनिटांत नेमके काय करायचे? संकेतस्थळ उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा डिस्क कोणतीही असो लागणारच. गावात नेटवर्कची एक कांडी असताना ७००० एमबीचा वेग म्हणजे पांदणीत मोटार पळवणे.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. त्या कपाटात दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्या होत्या, मिनिटाला १२०० फेऱ्या, आणि सगळे मिळून मावत होती पन्नास लाख अक्षरे. त्यावर कंपन्यांचे हिशोब चालले. आपला शेताचा हिशोब ५४००वर चालत नाही म्हणणे मला पटत नाही.

आणखी एक. फिरणारी डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा सांगते. कटकट करते, अडखळते. एसएसडी मात्र रात्री धडधाकट आणि सकाळी गेलेली, असे मी दोन घरांत पाहिले.

बर्डीवाला

नागपुरात बर्डीच्या बाजारात पंधरा वर्षं मशीन जोडतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

गुरुजींचं नेटवर्कचं म्हणणं बरोबर, पण चहावालं दुखणं नेटवर्कचं नाही. विंडोज उठते तेव्हा हजारो बारक्या फाइली वाचते, आणि त्या डिस्कवर विखुरलेल्या असतात. पटवाऱ्याच्या खोलीत एकेका कागदासाठी वेगळं दप्तर सोडायचं तसं. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पुरी करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२. त्याआधी मुंडी त्या जागी सरकायला आठ-नऊ. झाले तेरा. सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी कागद, बस्स. ४ केबीचा एक तुकडा धरला तर सेकंदाला ३०० केबीच्या आसपास. डब्यावर १५० एमबी लिहिलेलं असतं ते सलग मोठी फाइल वाचताना.

आता ५४०० फेऱ्यांची घ्या. अर्धी फेरी ५.६. म्हणजे महाग डिस्क घेऊन वाचले दीड मिलिसेकंद. ७२००वाली १ टीबी हा पर्याय इथंच कापा.

एसएसडीत फिरायला काही नाही. तेच बारके तुकडे साध्या साटा एसएसडीवरसुद्धा (हार्ड डिस्कच्याच वायरीवर चालणारी, तुमची २३००वाली) सेकंदाला वीस-तीस एमबीने येतात. एनव्हीएमईवर चाळीस-पन्नास-साठ. ७००० हा आकडा परत सलग मोठ्या फाइलीचाच. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर गेलात तर जमीन-अस्मान. तिथून एनव्हीएमईवर गेलात तर घड्याळ लावूनच कळेल.

आणि कापूसकोंडे, चौथ्या पिढीच्या बोर्डावर एनव्हीएमईची खाच नसते म्हणून दुकानदार कार्ड लावून देतोय. त्या काळच्या बहुतेक बोर्डांचा बायोस, म्हणजे मशीन उठवणारा बोर्डातला प्रोग्राम, एनव्हीएमईवरून विंडोज उठवतच नाही. ८५०० देऊन डिस्क दिसेल, मशीन मात्र जुन्याच डिस्कवरून उठेल. हे त्यानं सांगितलं का?

कापूसकोंड्या

नाई सांगतलं. साळ्यालेबी विचारलं, तो आता फोन उचलून नाई राहिला.

फोटोवाला हिंगणघाट

सगळे एकाच बाजूनं बोलून राहिले म्हणून उलटं बोलतो. महागाची डिस्क वाया नाही जात. लग्नाचं व्हिडिओ आता फोर-के मागतात. एका लग्नाचे २०० जीबी. हार्ड डिस्कवर टाकायचे तर वीस-बावीस मिनिटं, एनव्हीएमईवरून एनव्हीएमईवर दोन मिनिटांच्या आत. घरी काम करणारा माणूस घरचाच वापरकर्ता आहे ना? आज घरोघरी पोट्टे रील बनवतात, दोन वर्षांनी त्यांनाही लागेल. एकदाच चांगलं घ्या.

बर्डीवाला

भाऊ, ते २०० जीबी येतात कुठून? कॅमेऱ्याच्या कार्डातून. साधा कार्ड रीडर ९० एमबीच्या वर जात नाही. तुमची एनव्हीएमई तिथं ताटकळतच बसते. एडिटिंगला फायदा आहे, तो मानतो.

फोटोवाला हिंगणघाट

कार्ड रीडरचं खरं आहे, मान्य. पण एडिटिंगला फायदा म्हटलंत ना, मग झालं. आणि एसएसडीचा तोटाही मीच सांगतो, कारण भोगलंय. मागं एका साक्षगंधाचं फोल्डर चुकून उडवलं. हार्ड डिस्कवर असतं तर सॉफ्टवेअर लावून बरंचसं परत आलं असतं, आधी आणलंय. एसएसडीत ट्रिम नावाची भानगड असते. फाइल उडवली की विंडोज डिस्कला कळवते, आणि ती जागा डिस्क स्वतःच साफ करते. काही राहिलं नाही. नवरीच्या बापाला काय सांगितलं ते विचारू नका.

वायरमनभाऊ

डिस्क-डिस्क चालू हाय, करंटचं कोणी बोलून नाई राहिलं. आमच्या फिडरवर रातच्याले २६० व्होल्ट, दुपारी मोटरी चालल्या का १७०. लाईन गचकन जाते तेव्हा हार्ड डिस्कची मुंडी, तबकडी फिरून राहिली तेवढ्याच ताकदीवर, बाजूले जाऊन बसते. सस्त्या एसएसडीत तशी सोय नसते. कोणता डाटा कुठं ठेवला याची तिची वही लिहिता लिहिता लाईन गेली, तं आख्खी डिस्क मुकी होऊ शकते. गुरुजीच्या त्या दोन घरांत यूपीएस होता का, तेवढं विचारून पाहा.

पहिले ६०० व्हीएचा यूपीएस. मंग डिस्क.

निवृत्त गुरुजी

एका घरात नव्हता. दुसऱ्या घरात होता, पण बॅटरी बसलेली.

माहेर मोर्शी

ताईंचेही ऐका कुणी. मी घरी शिकवणी घेते. मागच्या वर्षी ऑनलाइन एसएसडी मागवली, लॅपटॉपच्या खाचेत बसली, पण दिसेचना. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, एक साटा आणि एक एनव्हीएमई. खाच एकीची, मी आणली दुसरी. आमच्या ह्यांनी तर १२०० रुपयांत २ टीबीची बाहेरून लावायची डिस्क मागवली. उघडून पाहिलं तर आत बारकं मेमरी कार्ड चिकटवलेलं. २ टीबी दाखवते, थोडं भरलं की जुन्यावरच नवं लिहिते. वेग-बिग नंतर, आधी वस्तू खरी आहे का ते पाहा.

उन्हाळी चंद्रपूरकर

मे महिन्यात आमच्याकडे सावलीत ४६. वर टिनाचं छप्पर. हार्ड डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश, एसएसडीची ७०. खोलीच ४५ची असेल तर डब्यात काय होत असेल ते समजून घ्या. वेगवान एनव्हीएमई तापली की स्वतःच वेग कमी करते. म्हणजे उन्हाळ्यात तुमचे ७००० एमबी आमच्या बैलासारखे झाडाखाली बसतात. साटावाली गरीब बिचारी, तिला एवढं तापताच येत नाही.

सेतूवाला दारव्हा

एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणून भेव दाखवणारे आले नाई अजून, म्हणून मीच सांगतो. २४० जीबीच्या साध्या डिस्कवर ८० टीबी लिहेपर्यंत कंपनी हमी देते. घरी दिवसाले २० जीबी लिहिलं, आन् तेवढं कोणी लिहीत नाई, तरी ४००० दिवस. अकरा वर्षं.

निवृत्त गुरुजी

अकरा वर्षांचा हिशोब करताय, पण त्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हाताऱ्या बैलाला नवी घुंगरं कशाला?

बर्डीवाला

विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकता येते गुरुजी. आणि साटा एसएसडी उद्या दुसऱ्या मशीनमध्ये नेता येते, चार स्क्रूचं काम. कापूसकोंडे, २५६वाली घ्या, ४ जीबी रॅम वापरलेली घेऊन ८ करा. ४ जीबीत विंडोज रॅम पुरत नाही म्हणून डिस्कवरच पसारा मांडते, चहाचं अर्धं कारण ते. पण त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. निळं दिसलं तर बरं, पिवळं दिसलं तर फोटो आजच दुसरीकडं काढा.

कापूसकोंड्या

आठ दिवसांनी येऊन राहिलो, माफ करा, कापूस वेचणी होती.

२५६ची साटा घेतली, रॅमबी. मशीन सव्वीस सेकंदात उठते. बुढा पाहून म्हणे, "झालं? एवढंच?" २३०० रुपये त्याले अजून जास्तच वाटून राहिले. यूपीएस कापूस विकल्यावर.

पण गोष्ट वेगळीच निघाली. बर्डीवाल्या भाऊनं सांगतल्यापरमाणं जुनी डिस्क तपासली, तं पिवळी. कॉपी मारता मारता लग्नाच्या फोल्डरवर येऊन अटकली, तीन तास ९३ टक्क्यावर. डिस्क हळू नोती, मरून राहिली होती. तिच्यावर पसारा ठेवायचा बेत होता, तो रद्द. फोटो आले, एकतीस सोडून. त्या एकतिसात माह्या मायचे दोन होते.

निवृत्त गुरुजी

मायचे गेले ते वाईट झाले. पण डिस्कने सांगितले होते हो. तुम्ही चहा पीत होतात.

फोटोवाला हिंगणघाट

ते लग्न कोणी शूट केलं होतं? आमच्यातले काही जण जुन्या डिस्का फेकत नाहीत, पोत्यात भरून ठेवतात. गाव आणि साल सांगा, विचारून पाहतो.