दक्षिण फ्रान्समधलं सायकलिंग: रस्ते, चढ आणि वारे (अनुभव धागा)

घाटवेडा
पुढच्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये सायकल चालवायचं घाटतंय. नकाशे, ॲप, जीपीएक्स फायली हव्या तेवढ्या मिळतात. पण कुठल्या रस्त्याला कुठल्या बाजूने भिडायचं, डांबर नक्की कुठे संपतं, पाणी कुठे भरायचं आणि दुपारी पोटात काय ढकलायचं हे तिथे चालवून आलेल्यांनाच ठाऊक. तिकडे राहणारे, रेससाठी गेलेले, लेकीकडे जाऊन भाड्याच्या सायकलवर भटकलेले, सगळ्यांनी लिहा. चढाचे आकडे टाका, पण "निसर्ग अप्रतिम" एवढ्यावर बोळवण करू नका प्लीज.

तुलूझकर
नोकरीनिमित्त तुलूझमध्ये आहे, म्हणून सुरुवात कनाल द्यु मिदीपासून. तुलूझपासून समुद्राकाठच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किमीचा कालवा. पिएर-पॉल रिके या माणसाने १६६६ ते १६८१ या काळात खोदून घेतला. जाहिरातीत दिसते ती दुतर्फा चिनारांची सावली आणि काठाने जाणारी गुळगुळीत वाट. तुलूझच्या बाजूने साधारण ५० किमी ते चित्र खरं आहे, सुरेख डांबर आहे. जिल्ह्याची हद्द संपली की डांबरही संपतं. पुढे माती, खडी आणि वाटेत आडवी आलेली झाडांची मुळं. २५ मिमीचे टायर घेऊन या मुळांवरून कार्कासोनपर्यंत जायचं म्हणजे मनगटांचे हाल. ३५ च्या पुढचे टायर लावा, नाहीतर कालवा सोडून लोरागेच्या टेकड्यांमधले छोटे रस्ते धरा. ‘डी’ अक्षराने सुरू होणारे हे जिल्हा रस्ते आहेत, गहू आणि सूर्यफुलांमधून जातात आणि गाड्या अगदी तुरळक. मला स्वतःला कालव्यापेक्षा हेच जास्त आवडतात.

सावलीचंही सांगतो. चिनारांना २००६ पासून एका बुरशीने ग्रासलंय. कालव्याकाठी अशी ४२ हजारांच्या आसपास झाडं होती, त्यातली हजारो तोडून जाळावी लागली. कित्येक ठिकाणी नुसते बुंधे आणि शेजारी काठीला बांधलेली दुसऱ्या जातीची रोपं दिसतात. जुलैत तिथे ऊन थेट टाळूवर.

प्रत्येक लॉकच्या (बोटी वरखाली करणाऱ्या जलदाराच्या) घरावर एक पाटी असते: मागचं लॉक इतक्या मीटरवर, पुढचं इतक्या मीटरवर. सायकल कॉम्प्युटरची बॅटरी गेली तरी अडत नाही.

आणि वारा. आग्नेयेकडून येणारा ‘ओताँ’ सुटला की तुलूझहून पूर्वेकडे जाणाऱ्याचं काही खरं नाही. तो माणसाला वेडं करतो असं इथली म्हातारी माणसं म्हणतात. उलट वायव्येकडून ‘सेर्स’ वाहत असेल तर कास्तेलनोदारी ते कार्कासोन फुकटात मिळतं. हवामान बघून दिशा ठरवा, हॉटेल नंतर.

सिंहगडवाली
मों व्हाँतूबद्दल मी लिहिते. उंची १९०९ मीटर, आजूबाजूला दुसरा डोंगर नाही, त्यामुळे पन्नास किमीवरूनच तो आपल्याला खुणावत असतो. वर जायला तीन गावांतून तीन रस्ते: बेदोआँ, मालोसेन आणि ‘सो’. एका दिवसात तिन्ही बाजूंनी चढणाऱ्यांचा क्लबसुद्धा आहे, त्याच्या नावाचा अर्थच ‘व्हाँतूचे येडे’.

मी बेदोआँकडून गेले. २१ किमीत १६०० मीटर चढ. सुरुवातीचे पाचसहा किमी द्राक्षमळ्यांतून इतके सोपे जातात की वाटतं, लोक उगाच घाबरवतात. मग सँत-एस्तेवचं डावं वळण येतं आणि तिथून जंगल सुरू. ९-१० टक्क्यांचा चढ, सलग नऊ-दहा किमी, मध्ये श्वास घ्यायला सपाट तुकडा नाही. पुण्यात सिंहगड चढून आलेला सगळा आत्मविश्वास त्या वळणावर ठेवून पुढे जावं लागतं. झाडांमुळे देखावा काही दिसत नाही. वेग ताशी सात-आठवर येतो आणि मग माश्या तुमच्या बरोबरीने उडायला लागतात. नाकाशी, गॉगलच्या आत, कानाशी. हँडलवरचा हात सोडून त्या हाकलायचीही ताकद नसते.

शाले रेनार या ठिकाणी जंगल संपतं, वर सहा किमी उरतात. समोर पांढराशुभ्र माथा. तो बर्फ नव्हे, चुनखडीचे तुकडे. तुलाँ बंदरातल्या जहाजांसाठी शतकानुशतकं इथली झाडं तोडली गेली, म्हणून माथा असा बोडका. आणि बोडका म्हणून वारा अडवायला काहीच नाही. २०१६ च्या तूर द फ्राँस या सायकल शर्यतीत वाऱ्यामुळेच शर्यत वर न नेता शाले रेनारलाच संपवली होती. माथ्याच्या थोडं अलीकडे टॉम सिम्पसन या सायकलपटूचं स्मारक आहे. १३ जुलै १९६७ ला शर्यतीत याच चढावर तो कोसळला आणि गेला. येणारे-जाणारे तिथे पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवतात.

उतरताना विंडचीटर हवाच, ऑगस्टमध्येसुद्धा. खाली ३५ अंश आणि वर दात वाजतात.

निवृत्त मास्तर
सिंहगडवाली ताई, तुमचा तो येड्यांचा क्लब तुम्हाला लखलाभ. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, भाड्याच्या ई-बाइकवर. पण व्हाँतूच्या पायथ्याशीच एक रस्ता आहे, त्याचं नाव कुणी काढत नाही म्हणून सांगतो: नेस्क नदीची घळ. व्हील-स्यूर-ओझाँ गावातून निघायचं. साधारण वीस किमी चढ, पण दोनतीन टक्क्यांचा, म्हणजे बोलत बोलत जाता येतं. कातळातून खोदलेले छोटे बोगदे, एका बाजूला खोल दरी आणि गाड्या जवळपास नाहीतच, कारण सो गावाला जाणारा घाईचा रस्ता दुसरीकडून जातो. वर पोचलं की सोचं पठार, जुलैत लॅव्हेंडरने जांभळं झालेलं. लॅव्हेंडरच्याच व्हालाँसोल पठारापेक्षा हे पठार उंच, त्यामुळे कापणी उशिरा होते. जूनअखेर व्हालाँसोल आणि जुलैच्या मध्यावर सो, असं गणित ठेवा.

दुसरी जागा ल्युबेराँ. कावायाँकडून आप्तकडे जुन्या रेल्वेच्या जागेवर डांबरी सायकलवाट केली आहे. वाटेत पाँ ज्युलियाँ नावाचा तीन कमानींचा रोमन पूल लागतो. इसवी सनापूर्वी ३ मध्ये बांधलेला आणि २००५ पर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या! आता फक्त पायी आणि सायकलने. आमची सौ. पुलाच्या खांबांमधली भोकं बघत उभी राहिली. पुराचं पाणी अडू नये म्हणून ती ठेवली आहेत. आमच्या गावचा पूल कधीचा आणि किती वेळा वाहून गेला हा विषय मग जेवणापर्यंत पुरला.

एक लक्षात ठेवा. गोर्द, बोनिय, रुसियाँ ही सगळी देखणी गावं टेकडीच्या माथ्यावर आहेत. दिवसभर सपाटीवर आरामात फिरा, पण खोलीवर पोचायला शेवटी चढ हा आहेच.

चेनल्यूब
पाण्याचं मी सांगतो: कबरस्तान. हसू नका. प्रत्येक गावाबाहेर असतं आणि आत फुलझाडांसाठी नळ असतो. फ्रेंच सायकलवाले बिनधास्त तिथे बाटल्या भरतात. ‘नाँ पोताब्ल’ (पिण्याजोगं नाही) अशी पाटी असेल तर मात्र ते पाणी पिऊ नका, डोक्यावर ओता.

मीठभाकर
शाकाहारींसाठी. गावातली खानावळ दुपारी साधारण १२ ते २ उघडी, त्यानंतर कितीही गोड बोला, शेगडी पेटत नाही. बेकरीलाही आठवड्याची सुट्टी असते, बऱ्याचदा सोमवारी. त्यामुळे खिशात पाव-चीज सकाळीच भरून ठेवा. नीसकडे ‘सोक्का’ मिळतो: हरभऱ्याचं पीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तव्यात भट्टीत भाजलेला. बेसनाच्या धिरड्याचा लांबचा भाऊ, वर मिरपूड. पोट भरतं, किंमतही बेताची. ‘पिसालादियेर’ दिसायला नुसत्या कांद्याचा पिझ्झा, पण त्यात अँचोव्ही मासे असतात. ‘पाँ बाञ्या’ या सँडविचमध्ये ट्यूना. विचारून घ्या.

ब्रेव्हेवाला
व्हेर्दाँ घळीचं कुणीच लिहिलं नाही? ला पाल्यु गावातून ‘रूत दे क्रेत’ हा २३ किमीचा फेरा आहे. त्याचा एक भाग एकेरी, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणून गावातून आधी पूर्वेला निघायचं. कठड्याच्या पलीकडे सरळ खाली हिरवी नदी. गिधाडं खालून वर येतात, म्हणजे आधी त्यांची पाठ दिसते. १९९९ पासून जवळच्या रूगाँ गावी गिधाडं पुन्हा आणून सोडली, ती आता चांगली रुळली आहेत. सकाळी आठच्या आत निघा, नंतर मोटारहोमांची रांग लागते. रस्त्यावर पाणी नाही, सावली नाही.

पिरेनीज पर्वतात जाणार असाल तर तुर्माले घाट, २११५ मीटर. मे महिन्यात जाऊ नका, बर्फामुळे बंद असू शकतो. पायथ्याला सँत-मारी-द-काँपाँ गावात एक जुनी लोहारशाळा आहे. १९१३ च्या तूरमध्ये युजेन ख्रिस्तोफ या सायकलपटूचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तुर्मालेच्या उतारावर मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन या गावापर्यंत चालत आला आणि नियमाप्रमाणे स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. भाता मारायला एका पोराने मदत केली म्हणून वर दंड! ब्रेव्हेतल्या (लांब पल्ल्याच्या, वेळेत पुरी करायच्या सायकल राइडमधल्या) तपासणी नाक्यावरच्या कडक काकांबद्दल माझी तक्रार त्या दिवसापासून बंद आहे.

घाटवेडा
मंडळी, खजिना आहे हा. दोन प्रश्न. रोन नदीकाठच्या सायकलवाटेने खाली समुद्रापर्यंत यावं असं मनात आहे, दिशा बरोबर ना? आणि सायकल रेल्वेत घेतात का?

सिंहगडवाली
दिशा एकदम बरोबर. मिस्त्राल हा वारा उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून खाली वाहतो. समुद्राकडून वर येणारे भेटतील, त्यांचे चेहरे बघा. मात्र मिस्त्रालच्या दिवशी आडव्या रस्त्यांवर जपून, ट्रक ओलांडून गेला की सायकल हातभर सरकते.

तुलूझकर
टीईआर म्हणजे प्रादेशिक गाड्यांत अख्खी सायकल चालते, पण उन्हाळ्यात काही मार्गांवर जागा आधी राखावी लागते, तेवढं तपासा. टीजीव्ही म्हणजे वेगवान गाड्यांत चाकं काढून पिशवीत, पिशवी १३० × ९० सेंमीच्या आत. गावाबाहेर गाड्यांनी ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे आणि माझ्या अनुभवात बहुतेक जण सोडतात. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर परावर्तक जॅकेट सक्तीचं, ते इथे येऊन घ्या, स्वस्त मिळतं. आणि गावातल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान आधी. पाटी नसली तरी.

निवृत्त मास्तर
ई-बाइक घेणार असाल तर भाड्याने देणाऱ्याकडून चार्जर मागून घ्या, काही जण तो स्वतःहून देत नाहीत. टायर आमच्याकडे तयार आहेत, तुमची तारीख कळवा.