सी विंगमागची पट्टी: लॉन काढून स्ट्रॉबेरी?

मंजिरी (ए-१०४): सी विंगमागचं लॉन परत वाळलंय. माळीदादा म्हणतात नवीन रोल टाकावे लागतील. त्यापेक्षा तिथे स्ट्रॉबेरी पसरवली तर? माझ्या बहिणीकडे जर्मनीत सफरचंदाच्या झाडाखाली सगळी जमीन स्ट्रॉबेरीनेच झाकलीय. कापणी नाही, तण कमी, वर फळं 🍓

सेक्रेटरी (बी-७०१): कल्पना छान. खर्चाचा अंदाज द्या, मीटिंगला ठेवतो.

प्रमोदकाका (सी-२०३): सोसायटीची स्ट्रॉबेरी म्हणजे जो पहाटे वॉचमनच्या आधी उठेल त्याची 😄

वैशाली (डी-५०२): मंजिरीताई, माझं माहेर महाबळेश्वरजवळच्या भिलारचं, म्हणून बोलते. जर्मनीत हिवाळ्यात झाड झोपतं, उन्हाळाही सोसवतो, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. आमच्याकडे दरवर्षी नवी लागवड. परदेशातून मातृरोपं येतात, वाईच्या बाजूला नर्सरीत त्यांच्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या लांब फुटव्यांपासून, रोपं करतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लावतात. मार्च-एप्रिलपर्यंत तोडे, मग बाग मोडायची. महाबळेश्वर १,३५० मीटर उंचीच्या आसपास, तरी ही गत. आपलं पुणे ५६० वर. एप्रिल-मेच्या उन्हात पानं करपतील, उरलंसुरलं पावसात कुजेल.

मंजिरी (ए-१०४): अरेरे. पण रनर सुटून आपोआप पसरते ना ती?

वैशाली (डी-५०२): पसरते की. रनरच्या टोकाला इवल्या पानांचा झुपका येतो, खाली मुळांचे पांढरे कोंब. ओल्या मातीला टेकला की रुजला, हेअरपिनने दाबला तर लवकरच. पण फळाच्या दिवसांत आम्ही रनर दिसला की कापतो. झाडाचा जोर तिकडे गेला तर फळ बारीक राहतं. जमीन झाकायची की फळं खायची, एक काहीतरी ठरवावं लागतं.

प्रमोदकाका (सी-२०३): आणि आमच्या मागे ऊन येतं दुपारी दोननंतर. पोरांचा बॉल दिवसभर तिकडेच.

वैशाली (डी-५०२): मग नकोच काका. सहा-आठ तास ऊन पाहिजे. मुळं वरवरची असतात, पाय पडलेला चालत नाही.

आप्पा (बी-४०४): नोकरीची बरीच वर्षं डेहराडूनकडे गेली. तिथे ओल्या वाटांच्या कडेला हुबेहूब स्ट्रॉबेरीसारखं पसरलेलं असतं. फळ लालभडक, चव पाण्याची. त्या नकली स्ट्रॉबेरीचं फूल पिवळं. खऱ्या स्ट्रॉबेरीचं पांढरं, शोभेच्या जातीत क्वचित गुलाबी. ‘कायम टिकणारी स्ट्रॉबेरी’ म्हणून कोणी रोपं विकायला आलं तर आधी फूल बघा.

मंजिरी (ए-१०४): आप्पा, हे भारी सांगितलंत 🙏 मग पट्टीत काय लावू?

आप्पा (बी-४०४): शोभेचा भुईमूग. नर्सरीत पिंटोई म्हणून मागा. पिवळी फुलं, अर्ध्या सावलीत चालतो, थोडी पायपीट सोसतो, वर जमिनीला नत्र देतो. सुरुवातीला दाट होईपर्यंत तण काढावं लागेल, त्याला इलाज नाही.

सेक्रेटरी (बी-७०१): म्हणजे स्ट्रॉबेरी रद्द?

वैशाली (डी-५०२): रद्द कशाला? क्लबहाऊसच्या पायऱ्यांशेजारचा वाफा दिवसभर उन्हात असतो. ऑक्टोबर ते मार्च तिथे लावू. दसऱ्याला माहेरी जातेय, येताना रोपं आणते. फक्त लावताना मला बोलवा. क्राऊन, म्हणजे पानं जिथून फुटतात तो गड्डा, मातीच्या बरोबरीने राहिला पाहिजे. पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर वाळतो. माळीदादा सगळं खोल दाबतात. आणि फळ धरलं की खाली भाताचा पेंढा पसरायचा, ओल्या मातीला टेकलेलं फळ सडतं.

प्रमोदकाका (सी-२०३): पेंढा माझ्याकडे लागला, गावाहून आणतो. चोरांचं काय?

वैशाली (डी-५०२): माणसं परवडली काका, बुलबुल नाही. फळाला जरा रंग चढला की टोच मारतो.

सेक्रेटरी (बी-७०१): गच्चीवर कबुतरांची जुनी जाळी पडून आहे, ती वापरू. पट्टीत पिंटोई, वाफ्यात स्ट्रॉबेरी. मंजिरीताई, दोन्हींचा खर्च रविवारपर्यंत द्या.

वैशाली (डी-५०२): जाळी चालेल. कडा विटांनी दाबा, नाहीतर खालून शिरतात.