लिंच यांचा ‘इनलँड एम्पायर’: प्रयोग फसला आहे की आपण पाहण्यात कमी पडतो?

कृष्णाकाठ

सांगलीत आम्ही काही चित्रपटप्रेमी दर महिन्याला विश्रामबागेतील एका छोट्या सभागृहात एक चित्रपट दाखवतो आणि त्यावर चर्चा करतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचे निधन झाल्यावर त्यांचे निवडक चित्रपट दाखवावेत असे ठरले. ‘द एलिफंट मॅन’ (१९८०) सर्वांनाच भिडला. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) कितीजणांना कळला ते सांगता येणार नाही, पण त्यावरचा वाद सभागृहाचे दिवे मालवेपर्यंत रंगला. ‘इनलँड एम्पायर’च्या (२००६) वेळी मात्र मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एका ज्येष्ठ सभासदांनी नंतर स्पष्टच विचारले की, ज्याला काय सांगायचे आहे हे स्वतःलाच ठरवता आलेले नाही, त्याने आमचे तीन तास का घ्यावेत?

दुसऱ्या बाजूला, आमच्यातील दोन तरुण सभासदांना हा लिंच यांचा सर्वांत धाडसी चित्रपट वाटतो. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे. अशा कलाकृतीच्या बाबतीत प्रयोग फसला आहे की आपण पाहण्यात कमी पडलो, हे कशावरून ठरवावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तासगावकर

मी आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या बाजूचा आहे, आणि लिंच आवडत असूनही आहे.

‘इनलँड एम्पायर’ पूर्ण पटकथेशिवाय सुरू झाला. प्रसंग सुचेल तसा लिहायचा, नटांच्या हाती द्यायचा आणि चित्रित करायचा, अशा रीतीने काम काही वर्षे चालले, ही गोष्ट लिंच यांनी स्वतः सांगितलेली आहे. फिल्मऐवजी सोनीचा पीडी-१५० हा साधा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा वापरल्यामुळे रीळ संपण्याची चिंता उरली नाही आणि खर्चाचा लगामही सुटला. माझ्या मते चित्रपटाचे नुकसान इथेच झाले. याच्या उलट ‘मलहॉलंड ड्राइव्ह’चा इतिहास पाहा. तो मुळात एबीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी वाहिनीसाठी केलेल्या मालिकेचा पहिला भाग होता. वाहिनीने तो नाकारला, पुढे फ्रेंच निर्मात्यांनी पैसा घातला आणि अर्धवट राहिलेल्या त्या कथानकाला शेवट शोधणे लिंच यांना भागच पडले. त्या अडचणीतून चित्रपटाला आकार मिळाला आणि कान महोत्सवात त्यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार, जोएल कोएन यांच्यासोबत विभागून का होईना, मिळाला. अडवणारे कोणी नसले की प्रतिभावंतसुद्धा सैल पडतो. ‘इनलँड एम्पायर’मधले सशांची डोकी घातलेल्या माणसांचे प्रसंग तर त्यांनी आपल्या संकेतस्थळासाठी २००२ मध्ये केलेल्या मालिकेतून उचलून आणलेले आहेत. ते या चित्रपटाच्या पोटातून आलेले नाहीत.

मिरजेची प्रेक्षक

तासगावकर दादा, चित्रपट कसा तयार झाला यावरून तो कसा आहे हे ठरवणे मला योग्य वाटत नाही. पडद्यावर काय दिसते ते पाहू या. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद वगळावा.)

सुरुवातीलाच एक शेजारीण अभिनेत्री असलेल्या नायिकेच्या घरी येते आणि बोलता बोलता म्हणते की, आज जर उद्याचा दिवस असता तर तू त्या तिथे बसलेली असतीस. ती बोट दाखवते, नायिका वळून पाहते आणि समोरच्या सोफ्यावर तिला मैत्रिणींसोबत बसलेली ती स्वतःच दिसते. तेवढ्यात फोन येतो आणि भूमिका मिळाल्याची बातमी कळते. कोणतीही तांत्रिक करामत न करता, केवळ नजर वळवून दिवस बदललेला आहे. पुढे काळ आणि ओळख यांची जी घसरण होत राहते, तिचा नियम इथेच सांगून झाला आहे. शेवटाकडे हीच स्त्री पोटात स्क्रू ड्रायव्हर खुपसलेल्या अवस्थेत हॉलिवूडच्या फुटपाथवर बेघर माणसांमध्ये पडते. ती माणसे पोमोनाला जाणाऱ्या बसविषयी बोलत राहतात आणि त्यांतली एक जण तिच्या चेहऱ्यासमोर लायटर पेटवून धरते. मग कॅमेरा मागे सरकतो, चित्रपटातल्या चित्रपटाचा दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो, बाकीचे उठतात, ती मात्र लगेच उठत नाही. नायिका झालेल्या लॉरा डर्न यांनी त्या काही क्षणांत जे केले आहे, ते नीटनेटक्या पटकथेतून आले असते असे मला वाटत नाही.

व्हिडिओची ती भगभगीत, फुटलेली प्रतिमाही दोष म्हणून पाहू नये. चेहऱ्याच्या इतक्या जवळ जाणारा तो कॅमेरा माणसाला विद्रूप करतो, आणि चित्रपटाला तेच हवे आहे.

पडद्याआड

नाट्यपंढरीच्या प्रेक्षकाला तर्कापलीकडचे चालत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून लिहितो. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो आणि मराठी प्रेक्षक ते मनापासून ऐकतो. तिथे आशय विचित्र असला तरी कीर्तनाची चौकट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’लाही रहस्यकथेची ओळखीची चौकट आहे. ‘इनलँड एम्पायर’ तीही काढून घेतो. म्हणून आपल्याकडचे प्रेक्षक उठले, एवढेच म्हणता येईल. त्यावरून त्यांची समज किंवा लिंच यांची योग्यता मोजू नये.

एक व्यावहारिक सूचनाही करतो. या चित्रपटाची ध्वनिरचना लिंच यांनी स्वतः केली आहे आणि संवाद नसतानाही खाली एक खर्जातली घरघर चालू असते. आपल्या सभागृहांतले भाषणांसाठी बसवलेले स्पीकर तो खर्ज पोहोचवतच नाहीत; मग प्रेक्षकाला उरतात ते केवळ लांबलेले प्रसंग. त्यात मध्यंतर दिले, तर जमलेली तंद्री आपणच मोडतो.

कृष्णाकाठ

स्पीकरचा मुद्दा आमच्या कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. पुढील महिन्यात ‘इरेजरहेड’ (१९७७) ठेवला आहे. तो दीड तासाच्या आतला असल्यामुळे मध्यंतराचा प्रश्न नाही, आणि ध्वनिरचनाकार ॲलन स्प्लेट यांच्यासोबत लिंच यांनी घडवलेला त्यातील ध्वनी नीट ऐकू यावा म्हणून चांगले स्पीकर भाड्याने आणण्याचा विचार आहे. ज्येष्ठ सभासदांना मी स्वतः जाऊन निमंत्रण देणार आहे.

तासगावकर

अवश्य आणा, मीही येईन. ताईंनी वर्णन केलेला फुटपाथवरचा प्रसंग थोर आहे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु तिथपर्यंत पोहोचण्याआधी पोलंडमधील रस्ते, ससे आणि अर्धवट सोडलेले संवाद यांत जो वेळ जातो, त्यातला निदान पाऊण तास कापला असता तर तो प्रसंग आपल्या निम्म्या सभासदांनी पाहिला असता. तो न पाहताच ते घरी गेले, याचे मला फार वाईट वाटते, आणि त्याची जबाबदारी मी दिग्दर्शकावरच टाकतो.