तेलात क्षरणकारी गंधक सापडले: पॅसिव्हेटर (तांब्याचे रक्षण करणारे रसायन) घालावा की तेल बदलावे?

१३२/३३ केव्ही, ५० एमव्हीए, २००४ चा ट्रान्सफॉर्मर. तेल २०,००० लिटर, कॉन्झर्व्हेटरमध्ये (वरच्या तेलाच्या टाकीत) रबरी बॅग. क्षरणकारी गंधकाच्या आयईसी ६२५३५ चाचणीत (कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी, १५० अंश, ७२ तास) तेल नापास, डीबीडीएस (डायबेंझिल डायसल्फाइड, क्षरणकारी गंधकाचे संयुग) १४० पीपीएम (दशलक्ष भागांत १४० भाग). बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसते), ओलावा, डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) ठीक. उन्हाळ्यात वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेढे) ९० अंशांपुढे जाते. कंत्राटदार फुलर्स अर्थ (तेलातली घाण शोषणारी माती) सुचवतो. काय करावे?

प्रतिसाद १
डीजीए ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तांब्याचे सल्फाइड वेढ्यांवरच्या इन्सुलेशन कागदाच्या थरांत साचते आणि ते वीजवाहक असते. वायू फारसे न निघताच दोन वेढे शॉर्ट होऊ शकतात. उन्हाळ्याआधी पॅसिव्हेटर घालाच.

टॉलिलट्रायझोल वर्गातला द्रवरूप पॅसिव्हेटर, १०० पीपीएम. २०,००० लिटर म्हणजे साधारण १७.६ टन तेल, म्हणून १.७६ किलो. तो थेट टाकीत ओतू नका. त्याच ट्रान्सफॉर्मरच्या सुमारे १६ किलो तेलात आधी विरघळवा, मग फिल्टर मशीनमधून हळूहळू सोडा. सगळे तेल किमान तीनदा फिरले पाहिजे. मशीनला फुलर्स अर्थ जोडलेले असेल तर ते बायपास करा, नाहीतर घातलेला पॅसिव्हेटर तेच शोषून घेईल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक भर: पॅसिव्हेटर तांब्यावर पातळ थर धरतो, पण कागदात आधीच साचलेले सल्फाइड काढत नाही, आणि डीबीडीएस तेलात तसेच राहते. शिवाय पॅसिव्हेटर खर्च होत जातो. पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी मोजा. ७० पीपीएमखाली येऊन घसरण चालूच असेल तर पुन्हा घाला. घातल्यावर हायड्रोजन वाढलेला दिसू शकतो. अॅसिटिलीन नसेल तर घाबरू नका, पण तुलनेसाठी डीजीएची नवी पायाभूत नोंद ठेवा.

तेल बदलले तरी कागदात मुरलेले जुने तेल नव्यात उतरते, तेव्हा डीबीडीएस पुन्हा मोजावेच लागते.

धागाकर्ता
मग फुलर्स अर्थचे काय?

प्रतिसाद २
साध्या फुलर्स अर्थने डीबीडीएस जाईलच याची खात्री नाही. तापवून पुन्हा वापरात आणलेल्या मातीतून तर चांदीला खाणारे गंधक तेलात येऊ शकते. टॅप चेंजरच्या (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या स्विचच्या) सिलेक्टरचे संपर्क चांदीच्या मुलाम्याचे असतील आणि त्याच तेलात असतील, तर तिथे काळे पापुद्रे सुटतात. कंत्राटदाराकडून काम झाल्यावरच्या तेलाची डीआयएन ५१३५३ प्रमाणे चांदीच्या पट्टीची चाचणी (१०० अंश, १८ तास) लेखी मागा. अहवाल हातात येईपर्यंत ट्रान्सफॉर्मर चार्ज करू नका.